हनोई ते सायगाव, थडग्यांवरची नावं वाचत

पहिला दिवस, हनोई

२ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी हनोईच्या बा दिन्ह चौकात व्हिएतनामचं स्वातंत्र्य जाहीर केलं. ते सगळ्या देशाच्या हाती यायला १९७५ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत आधी फ्रेंच, मग अमेरिकन, आणि सगळा वेळ आपलीच माणसं आपल्याच माणसांसमोर. आमचा प्रवास त्याच क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे आखला होता. बाबा सांगलीकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. व्हिएतनाम दोन तासांत गुंडाळावा लागायचा, ही त्यांची जुनी खंत. म्हणून या वेळी समुद्रकिनारे आणि हालाँग बे बाजूला ठेवून आम्ही लढ्याच्या जागा पाहायच्या ठरवल्या.

बा दिन्ह चौकातल्या हो ची मिन्ह यांच्या समाधीपुढे सकाळी सातलाच रांग लागते. शाळेची मुलं, खेड्यांतून आलेले म्हातारे, छातीवर पदकं लावलेले माजी सैनिक. आत बोलायचं नाही, खिशात हात घालायचा नाही, फोटो नाही. काचेखाली त्यांचा देह आहे. आपलं दहन करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. कम्युनिस्ट पक्षाने ते मानलं नाही. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मागच्या बागेतलं त्यांचं खांबांवर उभारलेलं लाकडी घर मात्र त्या दगडी इमारतीपेक्षा जास्त बोलतं. वर दोनच छोट्या खोल्या.

त्या दिवशीच्या भाषणाची सुरुवात त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली होती: सर्व माणसं समान जन्माला येतात. पुढे फ्रेंच क्रांतीचा हवाला दिला आणि मग त्याच फ्रेंचांनी ऐंशी वर्षांत काय केलं त्याचा हिशोब मांडला. त्यात वीस लाखांहून अधिक भूकबळींचा उल्लेख आहे. १९४४-४५ चा उत्तर व्हिएतनाममधला दुष्काळ. इतिहासकारांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात, पण कारणांवर फारसा वाद नाही: जपानी सैन्यासाठी तांदळाची सक्तीची वसुली, भाताच्या जागी तागाची लागवड, बॉम्बफेकीने तुटलेली वाहतूक आणि वर पूर. बाबा म्हणाले, "दोन वर्षं आधी बंगालमध्ये हेच झालं. युद्ध तेच, मालक वेगळे." जपान्यांची धान्याची कोठारं फोडा, ही व्हिएत मिन्हची, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या स्वातंत्र्य आघाडीची, हाक खेड्यापाड्यांत का पोचली, ते समजायला हा दुष्काळ समजावा लागतो.

दुपारी होआ लो तुरुंग. फ्रेंचांनी १८९६ मध्ये बांधला. जमिनीला लागून लांबलचक ओटा, त्यात पायाच्या बेड्यांची रांग, ओट्याला उतार असा की डोकं वर, पाय खाली, आणि घोटे अडकलेले. एका खोलीत गिलोटिन उभं आहे. १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री फाशीचे काही कैदी गटाराच्या बोळातून पळाले. तो गटाराचा तुकडा लोखंडी गजांसह मांडून ठेवलाय. पुढच्या दालनात मात्र तुरुंगाची भाषा बदलते. इथेच अमेरिकन वैमानिक कैदेत होते, पण भिंतीवरच्या फोटोंत ते बास्केटबॉल खेळतात, नाताळ साजरा करतात. त्यांचा छळ झाला होता, हे त्यांच्यातल्या अनेकांनी सुटून आल्यावर सांगितलं. बेड्यांच्या दालनात ज्यांना इतकं खरं सांगता आलं, त्यांनी इथे का थांबावं?

दुसरा दिवस, हनोई

लाँग बिएन पुलावर चालत गेलो. १९०२ साली पुरा झालेला, रेड नदीवरचा लोखंडी पूल. मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी दुचाक्या, आणि कडेला पायवाटेच्या फरशांच्या फटीतून खाली नदी. पुलाची काही कमानदार अंगं जुनी आहेत, मधली बरीचशी सपाट. अमेरिकी बॉम्बनी जी पाडली ती पुन्हा तशी बांधायला ना वेळ होता ना लोखंड. पूल पडायचा, लोक रात्रीत तात्पुरती वाट करायचे, पुन्हा पडायचा.

तिथून खाम थिएन रस्ता. कपड्यांची दुकानं, फोचे गाडे, आणि मध्येच एका घराच्या जागी छोटं स्मारक: मेलेल्या मुलाला हातांवर घेऊन उभी असलेली बाई. डिसेंबर १९७२ मध्ये वाटाघाटी अडल्या म्हणून निक्सन यांनी हनोई-हायफाँगवर बी-५२ विमानं पाठवली. २६ डिसेंबरच्या रात्री या एका रस्त्यावर अडीचशेहून अधिक माणसं गेली. पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ ला झाला. त्यातल्या मुख्य अटी ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या मसुद्याहून फार वेगळ्या नव्हत्या. मग मधले ते बॉम्ब कशासाठी होते, हा प्रश्न त्या बाईसमोर उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

संध्याकाळी सैनिकी इतिहासाचं संग्रहालय. एक गोष्ट लिहायलाच हवी. व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून धडे घेऊन अमेरिकेला हरवलं, असा मजकूर आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतो. या सगळ्या प्रवासात मला त्याचा कुठेही मागमूस दिसला नाही. त्यांचा धडा त्यांच्याच नदीतला आहे: ९३८ साली बाक डांग नदीच्या तळात टोकदार खुंट रोवून भरतीला शत्रूची जहाजं आत घेतली, ओहोटीला ती खुंटांवर फाटली. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ यांनी त्याच नदीत मंगोलांना तसंच बुडवलं. महाराजांचं मोठेपण दुसऱ्या देशाच्या नावावर टिकून नाही, आणि व्हिएतनामी लोकांच्या हजार वर्षांच्या लढाया आपण त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत.

तिसरा आणि चौथा दिवस, दिएन बिएन फू

हनोईहून विमानाने तासाभरात लाओसच्या सीमेजवळच्या या खोऱ्यात उतरलो. आपण उतरतो ती धावपट्टी त्याच जागी आहे जिच्यासाठी १९५४ ची लढाई झाली. फ्रेंचांचा बेत असा: डोंगरांनी वेढलेल्या सपाट खोऱ्यात पक्का तळ उभारायचा, रसद विमानाने आणायची, व्हिएत मिन्हला उघड्यावर ओढायचं आणि तोफांनी भाजून काढायचं. डोंगरावर तोफा चढवणं शत्रूला जमणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

तोफा चढल्या. सुट्या भागांत नेल्या, दोरखंडांनी माणसांनी ओढल्या, आणि डोंगराच्या पोटात खणून लपवल्या. सेनापती व्हो न्गुयेन गियाप. पूर्वी इतिहासाचे शिक्षक. बाबांनी हे मला प्रवासात पुन्हा पुन्हा सांगितलं. जानेवारीत हल्ल्याची सगळी तयारी झाली होती, चिनी सल्लागारांचा आग्रहही झटपट हल्ल्याचाच होता. गियाप यांनी ऐनवेळी तो थांबवला, चढवलेल्या तोफा पुन्हा खाली ओढायला लावल्या आणि आठवड्यांनंतर, खंदक खणत खणत जवळ जायचं ठरवलं. मला या सगळ्या लढ्यातला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. हजारो माणसांनी हाताने वर नेलेली तोफ परत उतरवा म्हणून सांगायला आणि ते त्यांना पटवायला काय लागत असेल.

संग्रहालयात एक सायकल आहे. तिच्यापाशी मी बराच वेळ उभी होते. हँडलच्या एका टोकाला बांबूची लांब काठी बांधलेली, कारण वजन लादल्यावर हँडलपर्यंत हात पोचत नाही. सीटच्या नळीत दुसरी काठी उभी खोचलेली, मागून ढकलायला आणि उतारावर मागे धरून ठेवायला. चाकांच्या मधल्या त्रिकोणाला लाकडाचे जोड देऊन मजबुती आणलेली, टायरच्या आत जुन्या कापडाच्या पट्ट्या. अशा सायकलवर कोणी बसत नसे. दोनशे किलोंहून जास्त तांदूळ किंवा दारूगोळा लादून ती शेकडो किलोमीटर ढकलत न्यायची, रात्री, कारण दिवसा वरून विमानं. वीस हजारांहून अधिक सायकली आणि सुमारे दोन लाख साठ हजार हमाल-शेतकरी या एका लढाईसाठी चालले. त्यांत बायका पुष्कळ होत्या.

१३ मार्चला हल्ला सुरू झाला. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरोथ याने दोनच दिवसांत हातबॉम्बने जीव दिला. धावपट्टी निकामी झाली, रसद छत्रीने पडायला लागली आणि बरीचशी चुकीच्या बाजूला. ए-१ टेकडीवर आजही खंदक चालत पाहता येतात, आणि माथ्याजवळ मोठा खड्डा आहे: टेकडीच्या पोटात बोगदा खणून जवळजवळ एक टन स्फोटकं ६ मेच्या रात्री उडवली त्याचा. दुसऱ्या दिवशी, ७ मे १९५४ ला, छप्पन्न दिवसांनी, फ्रेंच सेनानी दी कास्त्री यांच्या बंकरवर झेंडा चढला. दहा हजारांहून अधिक फ्रेंच बाजूचे सैनिक कैद झाले. त्यांतले साधारण एक तृतीयांशच जिवंत परतले. त्या सैन्यात मोरोक्को, अल्जीरिया, आफ्रिकेतली माणसं होती आणि व्हिएतनामीही होते.

टेकडीच्या पायथ्याशी हुतात्म्यांची दफनभूमी. सहाशेच्या वर कबरी आणि नावं फक्त चौघांची: तोफ दरीत जाऊ नये म्हणून चाकाखाली स्वतःला झोकून देणारा टो विन्ह दिएन, मशीनगनच्या भोकावर छाती लावणारा फान दिन्ह ज्योत, आणि त्यांच्यासारखे बे व्हान दान आणि त्रान कान. बाकी सगळ्या दगडांवर एकच सोनेरी तारा. बाबांनी पहिल्या ओळीपासून चालायला सुरुवात केली, जणू पुढच्या दगडावर तरी नाव सापडेल. मी त्यांना थांबवलं नाही.

पाचवा दिवस

परत हनोई, आणि संध्याकाळी दक्षिणेकडची रेल्वे. युद्धानंतर हनोई-सायगाव गाडी पुन्हा धावली ती १९७६ च्या अखेरीस. सहा जणांच्या डब्यात एक आजी शिजवलेली मक्याची कणसं वाटत होत्या. बाबांनी शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती.

सहावा दिवस, क्वांग त्री

डोंग हा स्टेशनवर सकाळी उतरलो. जिनिव्हाच्या करारात जुलै १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले ते सतराव्या अक्षांशावर, म्हणजे इथल्या बेन हाय नदीवर. तात्पुरती रेषा म्हणून. १९५६ मध्ये निवडणुका होऊन देश एक व्हायचा होता. दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम यांनी त्या होऊ दिल्या नाहीत आणि अमेरिका त्यांच्या पाठीशी राहिली, कारण हो ची मिन्ह जिंकतील हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्याच वेळी उत्तरेतून आठ-दहा लाख लोक, त्यांत बहुसंख्य कॅथलिक, दक्षिणेत निघून आले होते, आणि उत्तरेत जमीन सुधारणेच्या नावाखाली हजारो लोकांना ठार केलं गेलं, ज्याच्या चुका पुढे पक्षाला स्वतःला कबूल कराव्या लागल्या. हे दोन्ही धरल्याशिवाय पुढचं युद्ध नीट कळत नाही.

हिएन लुओंग पूल अर्धा निळा, अर्धा पिवळा. हा तेव्हाचा नसून पुन्हा उभारलेला आहे. दोन काठांवर कोणाचा झेंडा उंच यावर वर्षानुवर्षं चढाओढ चालायची, कर्णे समोरच्या काठाकडे तोंड करून ओरडत. या करारावर लक्ष ठेवायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी आणि जवान या भागात वर्षानुवर्षं राहिले. त्यांना पाहायचं आणि कळवायचं होतं. थांबवायचं बळ त्यांच्या हाती कोणी दिलंच नव्हतं. बाबा पुलाच्या मध्यावर, रंग बदलतो तिथे थांबून म्हणाले, "निवडणूक झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं का गं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण प्रश्न मला योग्य वाटला.

विन्ह मॉकचे बोगदे बाबांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, ते वर थांबले. लाल माती, समुद्रकिनारा, आणि जमिनीखाली तीन मजले, सर्वांत खालचा तेवीस मीटरवर. गाव वरून सतत भाजून निघत होतं म्हणून गाव खाली गेलं. मुख्य वाटेच्या कडेला भिंतीत कोरलेले कोनाडे; एका कोनाड्यात एक कुटुंब. मी आत बसून पाहिलं: पाठ टेकली की गुडघे वाटेत येतात. विहीर आहे, स्वयंपाकाची जागा आहे, बाळंतपणाची खोली आहे. सतरा मुलं इथे जन्मली.

दुपारी त्रुओंग सोन दफनभूमी. हो ची मिन्ह मार्गावर, म्हणजे उत्तरेतून दक्षिणेत रसद नेणाऱ्या डोंगरवाटांवर, गेलेल्या दहा हजारांहून अधिक सैनिकांची. इथे नावं आहेत. कबरी प्रांतवार मांडल्यात, म्हणजे गावाकडून आलेल्याला आपल्या भागातली सगळी मुलं एकत्र सापडतात. दगडावर नाव, जन्मसाल, गाव, भरती, मृत्यू. जन्म १९५१, भरती १९६९, मृत्यू १९७१. शेजारी जन्म १९५२. त्याच्या शेजारी पुन्हा १९५१. बाबांचा जन्म १९५२ चा. उत्तरेतून बसने आलेलं एक कुटुंब प्लास्टिकच्या पिशवीतून संत्री, सिगारेट आणि बिअरचा डबा काढून एका दगडासमोर मांडत होतं, त्या मुलाला जे आवडत असेल ते. लाखो व्हिएतनामी सैनिकांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत किंवा ओळखू आलेले नाहीत. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत आजही शोधाची निवेदनं येतात.

सातवा दिवस, ह्वे

इथल्या राजवाड्याच्या न्गो मोन दरवाजावर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचे सम्राट बाओ दाय यांनी शिक्का आणि तलवार क्रांतिकारकांच्या हवाली केली. १९६८ च्या तेत (व्हिएतनामी नववर्ष) हल्ल्यात हेच शहर जवळजवळ महिनाभर रस्त्यारस्त्याने लढलं गेलं, राजवाड्याचा बराच भाग जमीनदोस्त झाला. ते सगळं फलकांवर आहे. कम्युनिस्ट सैन्याच्या ताब्यात शहर असताना पकडून नेलेल्या नागरिकांच्या सामूहिक कबरी नंतर सापडल्या, सुमारे अठ्ठावीसशे माणसांच्या, त्याबद्दल मला एक ओळही दिसली नाही. ह्वेच्या घरांत ही माणसं त्यांच्या श्राद्धतिथीला आठवली जात असणारच.

थिएन मू पॅगोडात एक निळसर ऑस्टिन मोटार आहे. ११ जून १९६३ ला भिक्षू थिक क्वांग दुक याच गाडीतून सायगावच्या चौकात गेले आणि दिएम सरकारच्या बौद्धांवरच्या दडपशाहीविरुद्ध त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. पाच महिन्यांत दिएम यांचंच सरकार पाडलं गेलं आणि त्यांची हत्या झाली.

आठवा दिवस, सोन मी

क्वांग न्गाय शहरापासून थोड्याच अंतरावर, भाताच्या शेतांतून. जगाला हे गाव मी लाय म्हणून माहीत आहे. १६ मार्च १९६८ च्या सकाळी अमेरिकी पायदळाची एक तुकडी इथे उतरली. शत्रूचा सैनिक दिसला नाही, गोळी आली नाही. चार तासांत ५०४ माणसं मारली.

काळ्या दगडावर ५०४ नावं आहेत, पुढे वय आणि स्त्री की पुरुष. मी वाचायला लागले आणि वयांच्या रकान्यात अडकले. १, १, ३, ६. एकाच घरातली सात-आठ नावं सलग येतात, एकच आडनाव, आजीपासून तान्ह्यापर्यंत. १८२ बायका, त्यांत सतरा गरोदर. १७३ मुलं, त्यांत छप्पन्न तान्ही. दिएन बिएन फूला नावं नव्हती म्हणून जीव गलबलला होता. इथे एकही नाव सुटलेलं नाही, आणि ते वाचवत नव्हतं.

बाहेर गावाच्या वाटा सिमेंटने जपल्यात. त्यांत बुटांचे ठसे, अनवाणी पायांचे ठसे, सायकलच्या चाकांच्या रेघा. जळलेल्या घरांचे चौथरे तसेच. पुढे तो पाट, ज्याच्यात शंभराहून अधिक लोकांना उतरवून गोळ्या घातल्या.

ह्यू थॉम्प्सन या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं नाव इथे आदराने घेतलं जातं. वरून प्रेतं पाहून त्याने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं, गोळीबार झाला तर सैनिकांवर बंदुका रोखा असं आपल्या दोन साथीदारांना सांगितलं आणि सापडले तेवढे लोक बाहेर काढले. त्यांतल्या एकाने, ग्लेन आंद्रेओत्ताने, पाटातल्या प्रेतांतून एक जिवंत मूल उचललं. तीन आठवड्यांनी तो स्वतः युद्धात मारला गेला. थॉम्प्सनला मायदेशी वर्षानुवर्षं गद्दार म्हटलं गेलं. पदक मिळालं १९९८ मध्ये. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅलीला, जन्मठेपेची, आणि तीही काही वर्षांच्या नजरकैदेत संपली. बाबा दिवसभर जेवले नाहीत.

नववा दिवस, सायगाव

शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना सगळे सायगावच म्हणतात. इथल्या इतिहासात आपण आहोत, आणि ते अभिमानाचं नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये जपान्यांची शस्त्रं उतरवायला ब्रिटिशांनी जनरल ग्रेसी यांच्या हाताखाली विसाव्या भारतीय डिव्हिजनच्या तुकड्या इथे पाठवल्या. ग्रेसी यांनी कैदेतल्या फ्रेंच सैनिकांना सोडवून बंदुका दिल्या, फ्रेंचांनी २३ सप्टेंबरला सत्ता बळकावली आणि पुढचे महिने भारतीय जवान त्यांच्यासाठी व्हिएतनामींशी लढले. नेहरूंनी याचा जाहीर निषेध केला होता. एका गुलाम देशाच्या पोरांनी दुसऱ्या देशाला पुन्हा जोखडात घालायला मदत केली. हे आपल्या शाळेत एका वाक्यात तरी यायला हवं, असं बाबांचं म्हणणं, आणि माझंही.

कू चीच्या गनिमी बोगद्यांसाठी बेन दुओकची बाजू निवडली, तिथे गर्दी कमी. बोगद्यातून बाहेर आलं की पाहुण्यांना उकडलेला कंद देतात, ज्यापासून आपण साबुदाणा करतो तो, सोबत मीठ-साखर घातलेलं दाण्याचं कूट. लढणाऱ्यांचं रोजचं जेवण हेच होतं. शेजारच्या स्मारकमंदिराच्या भिंतींवर या भागात गेलेल्या चव्वेचाळीस हजारांहून अधिक माणसांची नावं कोरली आहेत.

दुपारी युद्धावशेष संग्रहालय. एजंट ऑरेंजच्या दालनातून लोक भराभर बाहेर पडतात. १९६१ ते १९७१ या काळात सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं जंगलांवर आणि शेतांवर फवारली. त्यातल्या डायॉक्सिन या विषारी रसायनाचे चटके युद्ध न पाहिलेल्या पिढ्यांना बसले. मला जास्त वेळ लागला तो युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांच्या दालनात. तिथे सगळ्या बाजूंचे आहेत, उत्तरेचे, दक्षिणेचे, अमेरिकी, फ्रेंच, जपानी. अख्ख्या प्रवासात सगळ्यांची नावं एकत्र दिसली ती इथेच.

दहावा दिवस, सायगाव आणि बिन्ह आन

स्वातंत्र्य राजवाड्याच्या आवारात ३० एप्रिल १९७५ ला फाटक तोडून आत शिरलेल्या रणगाड्यांच्या जोडीचे नमुने उभे आहेत. तिथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. तो दिवस तीस वर्षांचा शेवट होता, पण युद्धांचा नव्हता. दक्षिणेच्या लाखो लोकांना 'पुनर्शिक्षण' छावण्यांत टाकलं गेलं, लाखो होड्यांतून समुद्रात निघाले आणि त्यांतले कितीतरी पोचले नाहीत. १९७८ च्या अखेरीस पोल पॉटच्या कंबोडियाशी लढाई, १९७९ मध्ये उत्तर सीमेवर चीनचा हल्ला.

शेवटची जागा कुठल्याच टूरमध्ये नाही. शहराबाहेर बिन्ह आनची दफनभूमी, पूर्वीची दक्षिण व्हिएतनामी सैन्याची बिएन होआ दफनभूमी. हजारो कबरी. प्रवेशाशी असलेला शोकमग्न सैनिकाचा प्रसिद्ध पुतळा १९७५ मध्ये पाडला गेला. पुढची तीस वर्षं जागा लष्कराच्या ताब्यात बंद होती; २००६ नंतर ती नागरी प्रशासनाकडे आली आणि कुटुंबं येऊ लागली. फाटकावर नाव नोंदवून आत गेलो. काही कबरी नव्याने बांधून फरशी लावलेल्या, फोटोसह. पुष्कळशा मातीचे उंचवटे, झाडांच्या मुळांनी उचललेले. इथेही जन्मसालं तीच: १९५०, १९५१, १९५२. त्रुओंग सोनला वाचली होती ती.

तिथल्या कबरींवर सोनेरी तारा आहे, सरकारी पेन्शन आहे, प्रांताच्या बस आहेत. इथल्यांच्या आयांना यांतलं काही मिळालं नाही. स्वातंत्र्याची बाजू कोणाची होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती हनोईच्या चौकात १९४५ सालीच ठरली होती. पण विसाव्या वर्षी मेलेल्या मुलाची कबर जपायला ती बाजू लागू नये.

जाणाऱ्यांसाठी: उत्तरेकडूनच सुरुवात करा, क्रम लागतो. क्वांग त्रीसाठी पूर्ण दिवस ठेवा, ह्वेहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. सोन मीला टूरवाले सहसा नेत नाहीत, तो दिवस होई आनच्या बाजारात जातो. क्वांग न्गायला रेल्वेने उतरून टॅक्सी करा. बिन्ह आनला पासपोर्ट जवळ ठेवा, आणि उदबत्त्या आधीच घ्या, जवळपास मिळतीलच असं नाही.